मागची सतरंजी

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिची एक गोष्ट मी पूर्वी चारचौघींत बोलून बसले आहे, आता पुन्हा नाही. गावाचंही नाव नको. नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या पाण्यावर ऊस घेणारं गाव, गावाच्या कडेला कौलारू चर्च आणि चर्चच्या मागे आमची पंचवीस-तीस घरं, एवढं पुरे.

मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. ती आमच्याच मंडळीतली, चर्चची घंटा वाजवणाऱ्या काकांची धाकटी मुलगी. शब्बाथशाळेत मी तिला शिकवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली. तो ख्रिस्ती नव्हता. देवळात लग्न लागल्याचं कळलं, तेव्हा पंचांनी बैठक घेऊन तिचं नाव मंडळीच्या यादीतून काढलं. काका त्या बैठकीला बाहेर ओट्यावर बसून होते. पुढच्या रविवारी त्यांनी घंटा नेहमीसारखी वाजवली, एवढं मला आठवतं.

२००१ च्या पावसाळ्यात ती परत आली. नवरा गेला होता. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आणि एक पत्र्याची पेटी. काका-काकू दोघंही तोवर वारले होते, म्हणून भावाने मागची पडवी तिला दिली. महिन्याभरात ती दवाखान्यात आली. ताप हटत नव्हता, तोंड आलं होतं, वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बंद पाकिटात आला आणि ते पाकीट माझ्या हातून डॉक्टरांकडे गेलं. पोराचं रक्त नंतर तपासलं, ते निघालं स्वच्छ.

डॉक्टर तिच्याशी बोलले. ती बाहेर आली तेव्हा औषधं देण्याच्या खिडकीपाशी मी उभी होते. तिला जवळ घ्यायचं, पाणी द्यायचं, निदान बसवायचं, यातलं काहीही न करता मी विचारलं, "कसं झालं गं?"

केसपेपरसाठी हे विचारण्याचं काही कारण नव्हतं. नवरा ट्रकवर होता, तो कशाने गेला असेल याचा अंदाज कोणत्याही नर्सला आला असता. तरी मला ऐकायचं होतं. तिचा दोष किती आणि नवऱ्याचा किती, हे ठरल्याशिवाय तिच्याबद्दल मनात काय आणावं हेच मला उमगत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्यांची पुडी घेऊन निघून गेली.

त्याच आठवड्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. आमच्याकडे बुधवारी घरोघर पाळीने सभा होते. एक गीत, एक वचन, मग कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, कोणाचं लग्न जमत नसेल, तर ते सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. मंडळीतल्या सुंदर गोष्टींपैकी ही एक. त्या बुधवारी विषय विचारले तेव्हा मी म्हणाले, "काकांच्या धाकटीसाठी प्रार्थना करू या. तिला तो आजार निघाला आहे."

मी डोळे मिटले होते आणि हात जोडले होते. खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला, आणि माझ्या शब्दांना वजन आल्याचं एक समाधान क्षणभर मला वाटून गेलं. हे मी आज लिहिते आहे, कारण त्या रात्री मी स्वतःलाही ते कबूल केलं नव्हतं. नर्सिंगचा दिवा हातात घेऊन आम्ही शपथ घेतली होती, रुग्णाची खासगी गोष्ट पोटात ठेवण्याची. आज तर त्यासाठी कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि संमतीशिवाय असं सांगायला मनाई झाली. तेव्हा कायदा नव्हता, पण शपथ होती. ती मी प्रार्थनेच्या वेळी मोडली, आणि प्रार्थनेच्या वेळी मोडली म्हणून ती मोडल्यासारखी मला वाटलीही नाही.

रविवारपर्यंत सगळ्या घरांना कळलं. कोणी तिला वाईट बोललं नाही. आमची माणसं तशी नाहीत. फक्त बायकांच्या बाजूला तिच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. मग ती आपणहून मागच्या सतरंजीवर, चपला काढतात त्या दारापाशी बसू लागली. त्या सतरंजीवर रडणारी तान्ही पोरं घेऊन आया बसायच्या. त्याही दोन-तीन रविवारांत पुढे सरकल्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन. तेव्हा एकच प्याला होता, पितळेचा, वरून मुलामा दिलेला, आतून झिजलेला. काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी उकळायच्या आणि ते गाळलेलं पाणी म्हणजे आमचा द्राक्षरस. हे काम लहानपणी माझ्या आईकडे होतं आणि पुढे माझ्याकडे आलं. पाळकसाहेब प्याला घेऊन रांगेने येत, प्रत्येकाच्या ओठांना लावत, कडा फडक्याने पुसत आणि पुढे जात. सगळ्यांना कळल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला, प्याला पुरुषांच्या बाजूकडून बायकांकडे वळला तशी ती उठली, पोराचा हात धरला आणि बाहेर गेली. उपासना संपेपर्यंत चिंचेखाली उभी राहिली. पुढच्या महिन्यातही तेच.

मला हायसं वाटलं. असा प्याला ओठांना लावल्याने हा आजार होत नाही, हे त्या चर्चमध्ये सर्वांत चांगलं मलाच माहीत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर तशी पाटी मीच लावली होती, एकत्र जेवल्याने नाही, हात मिळवल्याने नाही, भांडी वापरल्याने नाही. तरी मला हायसं वाटलं. म्हणजे भीती आजाराची नव्हतीच.

हा प्याला आमच्या लोकांसाठी काय आहे ते सांगायला हवं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. आमचे पूर्वज पुढे बाप्तिस्मा घेतलेले, गावकुसाबाहेरचे महार. गावची विहीर त्यांना बंद होती. पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. त्याच मंडळीत काही ब्राह्मण कुटुंबंही आली, आणि प्रभुभोजनाच्या वेळी ब्राह्मणाच्या ओठांना लागलेला प्याला महाराच्या ओठांना लागला. आजोबा सांगायचे, गावाला बायबलचं काही वाटलं नव्हतं, प्याल्याचं वाटलं होतं. सोवळं सुटणं किती जड असतं हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहिलंच आहे. आमच्या बाजूने मात्र ती वेगळी गोष्ट होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ओठांपासून भांडं लांब धरलं गेलं, त्यांच्या ओठांना आपणहून कोणीतरी भांडं लावलं होतं. त्याच घराण्यातली मी, आणि एक बाई ते भांडं टाळून उठून गेली म्हणून मला बरं वाटत होतं.

सहा महिन्यांनी पंचांनी ठराव केला, आरोग्याच्या दृष्टीने एका प्याल्याऐवजी छोटे काचेचे प्याले आणावेत. पुण्या-मुंबईच्या चर्चमध्ये तशी पद्धत पुष्कळ वर्षं आहे आणि तिच्यात वावगं काही नाही. पण आमच्याकडे दीडशे वर्षं आरोग्य कोणाला आठवलं नव्हतं, अगदी क्षयाच्या काळातही. बैठकीत कोणीतरी म्हणालं, सिस्टरना विचारा. मला विचारलं. "चांगलंच आहे," मी म्हणाले. त्या वेळी माझ्या तोंडून चार वाक्यं गेली असती, तर पाटीवरचं खरं चर्चमध्ये सांगितलं गेलं असतं. मी दोन शब्दांत आटोपलं.

आमच्या मंडळीत एक आजीबाई होत्या. पूर्वीच्या बायबलबाई. गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. तान्ह्या असताना कोणीतरी त्यांना तिथे सोडलं. कोणी, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यामुळे आजीबाईंनी त्यांना पाहिलं नव्हतं, पण रमाबाईंच्या हाताखाली वाढलेल्या बायकांनी यांना वाढवलं. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की लाउडस्पीकर लागू नये. त्यांची जागा पुढे, पाळकसाहेबांच्या समोर.

काचेचे प्याले आले त्या रविवारची गोष्ट. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचला, अयोग्य रीतीने जो खाईल-पिईल त्याच्याविषयीचा. वाचताना त्यांची नजर दाराकडे गेली की नाही, मी सांगू शकत नाही, आमची गेली. तेवढ्यात आजीबाई उठल्या. गुडघे धरून सावकाश चालत मागे गेल्या आणि मागच्या सतरंजीवर तिच्या शेजारी बसल्या. ती उठायला लागली तर आजीबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. तो काढलाच नाही, त्यामुळे तिला उठता येईना.

ट्रे फिरत फिरत मागे गेला. आजीबाईंनी एक प्याला उचलला, अर्धा प्यायल्या आणि उरलेला तिच्यापुढे धरला. चर्चमध्ये तेव्हा पंखा नव्हता, त्यामुळे शांतता अगदी शांत होती. तिने तो बराच वेळ हातात घेतला नाही. मग घेतला आणि प्यायली.

कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि लोक चपला शोधू लागले.

त्या दिवशी संध्याकाळी मी आजीबाईंच्या घरी गेले. म्हणाले, "आजी, काचेचे प्याले सगळ्यांच्या भल्यासाठीच आणलेत." का म्हणाले कोण जाणे. त्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी ठरावाचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "पोरी, मला आयुष्यभर लोकांनी एकच विचारलं. तू कोणाची? शाळेत विचारलं, लग्न ठरताना विचारलं, गावोगाव फिरले तिथे विचारलं. उत्तर नाही म्हटल्यावर समोरच्याच्या तोंडावर जे उमटतं ना, ते मी लहानपणापासून बघत आले. म्हणून मी कोणाला मागचं विचारत नाही."

मग त्यांनी रमाबाईंची एक गोष्ट सांगितली. ती त्यांना मुक्तीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी सांगितली होती आणि रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीतही ती लिहून ठेवली आहे. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. अशा बायकांना कोणी माणसासारखं, प्रेमाने वागवतं हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री त्यांना वाचून दाखवली. पाच नवरे झालेली आणि सहाव्याबरोबर राहणारी बाई, आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. पुढे रमाबाईंनी केडगावला अशाच बायकांसाठी कृपासदन उभं केलं.

"पाणी मागतो," आजीबाई पुन्हा म्हणाल्या. "देत नाही आधी. तिच्या भांड्यातलं मागतो."

मी ही गोष्ट शब्बाथशाळेत वीस वर्षं शिकवली होती. मुलांना मी नेहमी सांगायचे की येशूला तिचं सगळं पाप माहीत होतं. ते खरंच आहे. पण पापाची चौकशी झाल्यावर त्याने पाणी मागितलं नाही. पाणी आधी मागितलं, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. रात्री घरी येऊन त्याच शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं. खिडकीपाशी मी जे विचारलं तेच त्यांनी विचारलं होतं. येशूने दोन्ही पर्याय बाजूला सारले आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला.

तिच्यापाशी जाऊन कबुली द्यायला मला आणखी तीन आठवडे लागले. पडवीत ती पोराच्या शर्टाला बटण लावत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की बुधवारच्या सभेत मी बोलले, ते माझ्यामुळे पसरलं. तिने सुई थांबवली नाही.

"मला माहीत होतं, सिस्टर. पाकीट तुमच्याच हातात होतं."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? दवाखान्यात तुम्हीच, चर्चमध्ये तुम्हीच."

मी क्षमा मागितली. तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बसा की. उभ्या का?" मी बसले. त्या दिवशी तेवढंच झालं. क्षमा मागितली म्हणजे समोरच्याने ती लगेच हातावर ठेवलीच पाहिजे असं आपण धरून चालतो, आणि न ठेवली तर मनातल्या मनात तिचाही दोष काढतो. माझं मन तिकडे वळत होतं, म्हणून हे लिहिते.

पुढच्या रविवारपासून मीही मागच्या सतरंजीवर बसू लागले, आजीबाईंच्या पलीकडे. हळूहळू एक-दोन आया पोरं घेऊन परत मागे आल्या. घरोघर जाऊन मी पाटीवरचं सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी मान डोलावली आणि कपबशी वेगळीच ठेवली.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात सुरुवातीला ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मिळत. तोवर ही औषधं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची होती. तिच्या सीडी-फोर पेशी दोनशेच्या खाली गेल्या होत्या, म्हणजे औषध सुरू करायलाच हवं होतं. मी रजा टाकली. रात्रीची एसटी, संगमनेर, आळेफाटा, माळशेज घाट, पहाटे कल्याण, आणि तिथून लोकलने भायखळा. घाटात तिला उलट्या झाल्या. मी पिशवी धरली, आणि तिने पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. थकली होती म्हणून टेकलं, एवढाच अर्थ मी त्यातून घेते.

जे. जे.च्या रांगेत तीनशे माणसं तरी असतील असं मला वाटलं. साताऱ्याची बाई, कामाठीपुऱ्यातली बाई, एक कॉलेजचा मुलगा, एक टाय लावलेला साहेब. सगळे एकमेकांना विचारत होते, "तुमचा सीडी-फोर किती?" मला तो प्रश्न एकदम वेगळा लागला. कोणीही कोणाला कसं झालं म्हणून विचारत नव्हतं. किती उरलंय आणि किती वाढवायचंय, एवढंच. ज्याचा आकडा वाढला असेल त्याच्यासाठी पुढचे-मागचे चेहरे खुलत. मंडळी या शब्दाचा अर्थ मला त्या रांगेत जेवढा जवळून दिसला तेवढा त्याआधी कधी दिसला नव्हता.

परतीच्या गाडीत मी करिंथकरांचा तो अकरावा अध्याय पुन्हा वाचला, सुरुवातीपासून. आमच्याकडे नेहमी इशाऱ्याचा भागच वाचतात. त्याच्या आधी पौल रागावला आहे तो कोणावर? पैसेवाले लवकर येऊन खाऊन-पिऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात, म्हणून. तो सांगतो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. स्वतःची. आणि शेवटी सांगतो, एकमेकांसाठी थांबा. त्या इशाऱ्याचा आम्ही दुसऱ्यांसाठी दरवाजा केला होता. तो लिहिला होता आधी बसून जेवणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी.

औषधं तिला लागू पडली. सकाळी आठ, रात्री आठ, एकही गोळी तिने चुकवली नाही. वजन चढलं, पुढे ती अंगणवाडीत स्वयंपाकाला लागली, तिथेही आधी कुरबूर झाली, मग थांबली. पंचांनी तिचं नाव यादीत परत घेतलं ते २००७ मध्ये, आजीबाईंनी चार वेळा अर्ज दिल्यावर. काचेचे प्याले मात्र आजही आहेत.

आणि एक सांगायचं राहिलं. एवढी वर्षं मी त्या सतरंजीवर बसत होते, मुंबईला तिच्याबरोबर जात होते, तिच्या घरी जेवत होते. पण पहिल्या रविवारी ट्रे आला की आजीबाई आणि ती एक प्याला अर्धा-अर्धा घ्यायच्या, आणि मी माझा वेगळा उचलायचे. मुद्दाम नव्हे. सवयीने म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही.

आजीबाई २००९ च्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. त्यांना आंघोळ घालायला आम्ही दोघी होतो. तिने त्यांचे केस विंचरले आणि पांढरं पातळ नेसवलं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मागच्या सतरंजीवर आमच्या दोघींच्या मधली जागा रिकामी होती. ट्रे आला. तिने प्याला उचलला, अर्धा प्यायली, थांबली. मग समोर पाळकसाहेबांकडेच बघत, माझ्याकडे न वळता, उरलेला अर्धा माझ्या बाजूला धरला.

मी तो घेतला. मनुकांचं पाणी त्या दिवशी मीच उकळलं होतं, अजून कोमट होतं.